एकादशीला भगर चालत नाही

खीर करायचा मला कंटाळा आहे, हे आधीच सांगून टाकते. खिरीवर लिहिणारे लोक मंद आचेबद्दल लिहितात, दुधावर धरणाऱ्या सायीबद्दल लिहितात, विलायचीच्या वासाने त्यांना म्हणे लहानपण आठवतं. त्यांनी एक अख्खा मे महिना नागपुरात रोज सकाळी उठून भगरीची खीर करून बघावी. कुलरची हवा समोरच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत येत नाही, येतो तो फक्त त्याचा घरघराट. मग लिहावं खुशाल.

खीर सासूबाईंसाठी व्हायची. ऐंशीच्या कधीच पुढे गेलेल्या, आधी विसराळू झालेल्या आणि मग न्हाणीघरात पडून पलंगाला लागलेल्या. पलंग समोरच्या खोलीत, कुलरच्या पुढ्यात. माझा दिवस त्या पलंगाभोवती फिरायचा. त्यांची कूस बदला, चादर बदला, पाठीला पावडर लावा, कुलरमध्ये पाणी भरा, परत कूस बदला. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मी स्वतःला सांगितलं होतं, आता चित्रं काढू. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना डोंगर आणि सूर्य काढायला शिकवलं होतं. ब्रश अजून डब्यातच आहेत. असो.

बाकी सगळं मला जमत होतं. जमत नव्हतं ते खाऊ घालणं. ताटली समोर नेली की सासूबाई तोंड मिटायच्या आणि म्हणायच्या, "माझा उपास हाय."

त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या बाईने जन्मभर उपासच केले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, वर नवरात्र. आता मुलाचं नाव आठवत नव्हतं, स्वतःचं घर कोणतं ते आठवत नव्हतं, पण उपास तेवढा पक्का. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मी रोज बघत होते. वरणभात नेला, उपास. मऊ खिचडी नेली, उपास. आमचे हे हात जोडून म्हणायचे, "आई, एक घास." आई त्यांच्याकडे कोण बुवा हा अशा नजरेने बघायच्या.

वजन उतरत गेलं. मनगटं माझ्या दोन बोटांत मावू लागली. घरी तपासायला येणारे डॉक्टर शांतपणे म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, तिच्यातून दूध, पेज सोडता येईल. यांनी लगेच मान हलवली. डॉक्टरांसमोर आमचे हे नेहमीच मान हलवतात.

मी नाही म्हणाले. सासूबाईंवर माझी फार माया उतू जात होती असं नाही. त्या पडल्या तेव्हा आम्ही त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं, आणि त्यांनी सलाईनची सुई दोनदा उपसून काढली होती. तिसऱ्यांदा तिथल्या लोकांनी त्यांचे दोन्ही हात पट्टीने कॉटच्या दांड्यांना बांधले. त्या ओरडल्या नाहीत. बांधलेल्या हातांकडे नुसत्या बघत राहिल्या. नाकात नळी घातली तर ती त्या उपसणार, आणि मग हात बांधायचं काम माझ्याच वाट्याला येणार, कारण घरात बाकी सगळी कामं माझ्याच वाट्याला येतात. ते मला करायचं नव्हतं. मी डॉक्टरांना म्हणाले, तोंडाने खाल्लं तर? ते म्हणाले, दोन्ही वेळा वाटीभर गेलं तर मग नळी कशाला हवी.

भगरीची युक्ती मला त्याच संध्याकाळी सुचली. उपास आहे ना? असू दे. मी म्हणाले, "आई, आज सोमवार. उपासाची भगर केली आहे. खाता ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ज्या तोंडाने आठवडाभर मला नाही म्हटलं होतं ते उघडलं.

त्या दिवसापासून आमच्या घरी रोज सोमवार. मंगळवारीही सोमवार, शुक्रवारीही सोमवार. हे सकाळी फिरायला निघताना बूट घालता घालता म्हणायचे, "आज कोणता वार आहे गं, खरा?" तेवढंच हसू व्हायचं.

साधी भगर त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती, म्हणून खीर. दिसायला सोपी, पण तिच्या पोटात सतरा गोष्टी. भगर तीन पाण्यातून रोळून घ्यायची, कारण दुकानदाराने कितीही शपथ घेतली तरी तळाला बारीक खडा राहतोच. निथळली की चमचाभर तुपात परतायची. दाणा पांढराफटक दिसायला लागला, वास सुटला, की आधी पाण्यात शिजवायची. एकदम दुधात टाकली तर दाणा आतून कच्चा राहतो आणि म्हाताऱ्या हिरड्यांना टोचतो. मऊ झाली की दूध, मग डावाच्या पाठीने कडेला दाबून घोटायची. गूळ घालायचा मोह मी एकदाच केला, उकळत्या दुधात. सगळं फाटलं, आणि त्या सकाळी मी पातेलं मोरीत आपटलं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. तेव्हापासून साखरच.

खरं काम मात्र दाटपणाचं. पातळ झाली की त्यांना ठसका लागायचा, डोळे बाहेर यायचे. घट्ट झाली की घास गालात धरून त्या बसून राहायच्या. आणि भगर ही मोठी लबाड जात. गॅसवरून उतरवताना बरोबर असते, पलंगापाशी जाईपर्यंत लापशी होते. मी कपात गरम दूध घेऊनच बसायची. मिक्सरमधून काढून दिली तर पहिल्या चमच्यालाच म्हणाल्या, "हे पोतेऱ्याचं पाणी कोणी केलं वं?" दाणा जिभेला लागला पाहिजे, पण टोचला नाही पाहिजे. एवढं करून वर रोजचं एक वाक्य ठरलेलं: "साखर कमी हाय." मी म्हणायची, "बरं आहे तेवढीच." चाळीस मिनिटं एक वाटी चालायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. माझी कंबर त्या स्टुलावर मोडून गेली, पण वाटी रिकामी होत होती. डॉक्टरांनी येऊन बघितलं आणि नळीचा विषय काढला नाही.

मग आल्या आमच्या नणंदबाई. काटोलला दिल्या आहेत, पहिल्या बसने निघाल्या, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, हातात कैऱ्यांची पिशवी. वाईट नाहीत स्वभावाने. पण त्यांना आईसारखाच उपासांचा सोस, आणि दिवस नेमका एकादशीचा. माझ्या ध्यानातही नव्हतं. रोज सोमवार असलेल्या घरात एकादशी कोण बघतं?

त्या आईच्या पायाशी बसल्या. मी पलीकडून चमचा पुढे केला, सासूबाईंनी तोंड उघडलं, आणि नणंदबाई म्हणाल्या, "काय खाऊन राहिली वं आई?"

"भगर," सासूबाई म्हणाल्या.

"एकादशीले भगर?"

त्यांनी विचारलं मला, पण ऐकलं सासूबाईंनी. चमचा तसाच हवेत राहिला.

इथे आमच्या घरचा कायदा सांगावा लागेल. माझं माहेर खाप्याचं. तिथे आम्ही एकादशीला खुशाल भगर खायचो, वर दाण्याची आमटी. लग्न होऊन आले आणि पहिल्याच एकादशीला मी हौसेने भगर रांधली. सासूबाईंनी पातेल्यावरचं झाकण उचललं, ठेवलं, आणि म्हणाल्या, "भगर म्हंजे तांदूळच. एकादशीले तांदूळ खायचा तं उपास कायले करायचा?" सोमवारी चालते, चतुर्थीला चालते, एकादशीला नाही. का, ते विचारायचं नाही. ते पातेलं गाईपुढे गेलं.

आता त्याच नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं. कित्येक महिन्यांत इतकं स्वच्छ त्यांनी कोणाकडे बघितलं नव्हतं. "तू मले बाटवून राहिली का वं?" म्हणाल्या, आणि तोंड मिटलं.

मी नणंदबाईंना स्वयंपाकघरात नेऊन काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्या रडल्या. म्हणाल्या, "मले काय माहीत वं वहिनी? मी आपलं बोलून गेली." खरंच होतं ते. संध्याकाळच्या बसने त्या परत गेल्या आणि कैऱ्या माझ्यापाशी राहिल्या, लोणचं घालायला. दुष्काळात तेरावा महिना.

मला वाटलं, एक दिवसाचा प्रश्न आहे. उद्या उठून सोमवार करू.

सकाळी खीर घेऊन गेले. "आई, आज सोमवार."

"काहून? माझी एकादशी सुटली कुठं?"

"एकादशी काल होती आई. आज संपली."

"सोडल्याबिगर कशी संपन?"

मी वाटी तशीच परत नेली. उपास सोडला नाही तर तो चालूच. पंचांग पुढे गेलं तरी त्यांची एकादशी तिथेच उभी. दुसऱ्या दिवशीही एकादशी, तिसऱ्या दिवशीही. राजगिऱ्याची खीर केली, थुंकून टाकली. साबुदाणा शिजवून दिला, तो घशात चिकटला आणि असा ठसका लागला की यांचा चेहरा पांढरा पडला. लिंबू-साखरेचं पाणी तेवढं त्या चमच्याचमच्याने घ्यायच्या. बाकी काही नाही. बोलणंही कमी झालं. दुपारी पंख्याकडे बघत पडलेल्या असायच्या, आणि श्वास चालू आहे ना ते मी पुन्हा पुन्हा जाऊन बघायची.

यांनी मला न विचारता डॉक्टरांना फोन केला. ठरलं. सकाळी अकरा वाजता नर्स येणार आणि नळी घालणार.

"हात कोण बांधणार?" मी विचारलं.

"तू पण ना, काहीही. नाही लागणार बांधायला."

"आणि लागले तर?"

ते म्हणाले, "उपाशी मारू का तिला?" त्यांचा आवाज फाटला. मलाही ओरडायचं होतं, ओरडले नाही. खरं सांगते, मनात एक विचार असाही होता की घाला बाबा नळी. ओता तिच्यात दूध, दहा मिनिटांत काम होईल. ना रोळणं, ना घोटणं, ना चाळीस मिनिटं स्टूल. मी इतकी थकले होते की त्यांच्या हातांपुढे मला माझी कंबर मोठी वाटायला लागली होती.

त्या सकाळी तरी मी भगर भिजवलीच, सवयीने. दूध तापत असताना डोक्यात आलं की सोमवार सोमवार काय करत बसले मी? एकादशीनंतर सोमवार येत नाही, बारस येते, द्वादशी. त्यांना बारस हवी. बारशीला उपास सोडायचा असतो, आणि तेव्हा भगरीलाही आडकाठी नाही.

वाटी घेऊन गेले. "आई, आज बारस आहे. एकादशी सोडा."

त्यांचे डोळे उघडले. चमच्याकडे बघितलं, माझ्याकडे, दाराकडे. तोंड उघडलं नाही. पुन्हा दाराकडे बघितलं.

तेव्हा मला आठवलं. बारशीला त्या कधीच आधी जेवल्या नाहीत. बाहेरच्या कोणाला तरी आधी आपल्या हाताने जेवू घालायचं, मग स्वतः घास घ्यायचा. भाजीवाली, पोस्टमन, मीटर बघायला आलेला माणूस, रस्त्याने चाललेलं कोणीही. शाळेची घाई असताना सकाळी सकाळी त्या परक्या माणसासाठी सगळा स्वयंपाक मलाच करावा लागायचा, आणि मी महिन्यातून दोनदा चरफडायची. घरातलं माणूस त्यांना चालायचं नाही. मुलगा नाही, सून तर नाहीच. पाहुणा पाहिजे.

साडेदहा वाजले होते. मी डोक्यावर पदर घेतला, पायात चपला सरकवल्या आणि निघाले पाहुणा शोधायला.

मे महिन्यात साडेदहाला आमच्या ले-आउटमध्ये कुत्रंही रस्त्यावर नसतं. शेजारच्या दाराला कुलूप, लग्नाला गेलेले. पलीकडच्या वहिनींनी जाळीतूनच सांगितलं, अंगात ताप आहे. कोपऱ्यावर रसवंतीचं चाक बंद, माणूस नाही. एक रिक्षावाला दिसला. त्याला म्हटलं, भाऊ, घरी येऊन दोन घास खीर खाता का? तो माझ्या तोंडाकडे बघून रिक्षा घेऊन पळाला. मी त्याला दोष देत नाही. घामाने निथळत, डोक्यावर पदर ओढलेली म्हातारपणाला लागलेली बाई अशी रस्त्यात खीर द्यायला लागली तर मीही पळाले असते. नाक्यापर्यंत गेले आणि परत फिरले. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. सकाळपासून पोटात एक कप चहा होता.

दार उघडून आत आले. उन्हातून आल्यामुळे मला काही दिसेना, आणि त्या अंधारातून आवाज आला.

"या वं बाई. उन्हाच्या आल्या. बसा."

मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"बसा ना. आज बारस हाय आमच्या घरी. दोन घास खाऊन जा, मंग मी उपास सोडीन."

मी स्टुलावर बसले. पदर डोक्यावर तसाच ठेवला, काढायचं धाडस झालं नाही. वाटी तिथेच झाकून ठेवली होती. कपातलं दूध तिच्यात घालून सारखी केली आणि त्यांच्या पोटावर धरली. त्यांनी चमचा उचलला. कितीतरी दिवसांत त्यांनी स्वतःच्या हाताने काही उचललं नव्हतं. अर्धी खीर माझ्या हनुवटीवर सांडली, अर्धी तोंडात गेली.

साखर खरंच कमी होती.

"अजून घ्या," त्या म्हणाल्या. "लाजू नका." आणखी एक चमचा भरवला. मग दमल्या. मी चमचा घेतला आणि म्हणाले, "आता तुम्ही." त्यांनी तोंड उघडलं. गिळलं. पुन्हा उघडलं. हे आतल्या दारात येऊन उभे राहिले होते, हातात फोन, नजर वाटीवर. मी त्यांना डोळ्यांनीच सांगितलं, एक शब्द बोलू नका.

अर्धी वाटी झाली, आणि सासूबाईंनी तळहात वाटीवर ठेवला. तोंड मिटलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"राहू द्या. बाकीची आमच्या सुनेले ठेवा."

"तुम्ही खा ना. सुनेला होईल दुसरी."

"नाही वं बाई. थे सकाळपासून राबून राहिली. काही खाल्लं नसन तिनं. सांगत नाही थे कोणाले, रागीट हाय."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. एवढ्या वर्षांत या घरात माझ्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं, यांनी नाही, माझ्या पोरांनी नाही. आणि ज्या बाईला हे ठाऊक होतं तिने ते तोंडावर कधी म्हणून दाखवलं नाही. आज म्हटलं, तर माझ्याबद्दल मलाच, परकी समजून. मला ओरडून सांगायचं होतं, आई, अहो मीच ती. पण मीच ती म्हटलं असतं तर पाहुणा गेला असता, आणि बारसही गेली असती. वाटी अर्धी होती. घड्याळात अकराला थोडी मिनिटं कमी होती. यांचा अंगठा फोनवर होता.

"तुमच्या सुनेनं खाल्लं, आजी," मी म्हणाले. "मी आताच पाहून आले."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. परक्या बाईच्या बोलण्यावर किती भरवसा ठेवावा, हे ठरवत असाव्यात.

"पोटभर?"

"पोटभर."

त्यांनी वाटीवरचा हात काढला आणि तोंड उघडलं. माझ्या मागे हे फोनवर नर्सला सांगत होते, आज येऊ नका.